इंजिनिअरिंगचं कर्ज फिटेल का? प्रवेशाआधी मांडायचा हिशेब

सीईटीचा निकाल लागला की कॉलेजांचे फ्लेक्स चौकाचौकात झळकू लागतात. मधोमध एका मुलाचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरात लाखांचं पॅकेज. प्रवेश मार्गदर्शनाच्या शिबिरात पालकांचा पहिला प्रश्नही तोच असतो, "सर, तुमच्याकडे पॅकेज किती जातं?" प्रश्न रास्त आहे. पीएफमधून पैसे काढून किंवा शेतीचा तुकडा विकून फी भरणाऱ्या माणसाने परताव्याचं विचारलंच पाहिजे. अडचण उत्तरात आहे. सांगितलं जातं ते वर्गातल्या एका मुलाचं पॅकेज, आणि हप्ता भरायचा असतो आपल्या मुलाला किंवा मुलीला, जी बहुधा वर्गाच्या मधल्या फळीत असणार आहे.

म्हणून प्रवेशाआधी दोन आकडे मिळवायचे. मधल्या विद्यार्थ्याच्या हातात येणारा पगार हा एक, आणि शेवटचा पेपर दिल्यावर डोक्यावर उरणारं कर्ज हा दुसरा. इथे उदाहरण घेतलं आहे महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजचं, कारण मध्यमवर्गीय घरांची सर्वांत जास्त ओढाताण इथेच होते.

आधी खरी फी

फी किती, हे कॉलेजच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रत्येक कॉलेजचा मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग दिसतात. हे दोन्ही आकडे वेगवेगळे टिपून ठेवा, सवलतीचा हिशेब करताना ते लागतात. त्यापलीकडे कोणी 'बिल्डिंग फंड' किंवा 'देणगी' म्हणून रोख रक्कम मागितली तर ती कॅपिटेशन फी झाली. महाराष्ट्रात तिच्यावर १९८७च्या कायद्यापासून बंदी आहे. खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं यांचा मामला वेगळा आहे. तिथे चारही वर्षांची फी आणि दरवर्षीची वाढ प्रवेशापूर्वी लेखी मागा.

समजा मंजूर फी वर्षाला १ लाख ६० हजार आहे. त्यात १ लाख ४० हजार शिक्षण शुल्क, २० हजार विकास शुल्क. खोली, मेस, पुस्तकं, गावी ये-जा यांचे ९० हजार धरा. वर्षाचे अडीच लाख, चार वर्षांचे १० लाख. लॅपटॉप आणि दरवर्षीची भाववाढ यात धरलेलीच नाही.

आता सवलत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झाला असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५पासून पूर्ण माफ आहे. याच गटातल्या मुलग्यांना साधारणपणे निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी योजना वेगळ्या आहेत. सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवरच होतात. वरच्या उदाहरणात मुलीचे चार वर्षांत ५ लाख ६० हजार वाचतात, मुलाचे २ लाख ८० हजार. विकास शुल्क मात्र भरावंच लागतं.

यातली महत्त्वाची अट पुन्हा सांगतो: कॅपमधून प्रवेश. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत ती लागूच नाही. त्यामुळे 'जरा नावाजलेलं' विद्यापीठ आणि कॅपमधून मिळणारं जिल्ह्यातलं कॉलेज यांची तुलना करताना फीतला फरक दिसतो त्याहून बराच मोठा असतो. पालक नेमके इथे फसतात, आणि कागदावर सगळं कायदेशीर असतं.

आणखी एक रस्ता पुरेसा वापरला जात नाही, डिप्लोमाचा. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची डिग्री धरली तरी एकूण वर्षं सहाच. पण डिग्रीची जड फी चारऐवजी तीनच वर्षं भरावी लागते आणि अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्च टळतो.

मधला पगार कुठे सापडतो

केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६पासून निघते. तिच्यातला क्रमांक पालक बघतात आणि पान बंद करतात. खरा खजिना त्याच्या मागे आहे. भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने भरून दिलेली माहिती पीडीएफच्या रूपात उघड असते, एनआयआरएफच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर. त्यात चार वर्षांच्या पदवीचा एक आडवा तक्ता असतो. पहिल्या वर्षाला किती आले, थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, आणि पुढच्या शिक्षणाला किती गेले.

हा तक्ता कसा वाचायचा ते पाहू. समजा एका कॉलेजच्या ओळीत असं लिहिलं आहे: पहिल्या वर्षाला ५६०, थेट दुसऱ्या वर्षाला ६०, मुदतीत पास ४२०, नोकरी २५०, मध्यक साडेचार लाख, पुढचं शिक्षण ५०. जाहिरातीत यातला 'साडेचार लाख' एवढाच भाग येईल, तोही आला तर. पण आत शिरले ६२० जण. मुदतीत बाहेर पडले ४२०, म्हणजे २०० जण मागे राहिले. नोकरी २५० जणांना. मध्यक म्हणजे या २५० जणांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मधोमध येणारा आकडा. त्याच्या वर निम्मे, १२५. प्रवेश घेतलेल्या ६२०पैकी साडेचार लाख किंवा जास्त पगार मिळाला तो पाचातल्या एकाला. एका केटीने वर्ष गेलं तर अडीच लाखांचा अख्खा खर्च वाढू शकतो, म्हणून 'मुदतीत पास' हा रकाना मी पगाराच्या आधी वाचतो.

सरासरी पगार विचारूच नका. नऊ मुलांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले तर सरासरी ८ लाख होते आणि दहांपैकी एकालाही ८ लाख मिळालेले नसतात.

या तक्त्यातही खोट आहे. आकडे संस्थेनेच दिलेले असतात आणि सगळ्या शाखा एकत्र असतात. कॉम्प्युटरचा पगार सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या आकड्याला वर ओढतो. अमेरिकेत कॉलेज स्कोअरकार्ड नावाची सरकारी व्यवस्था आहे. तिथे पदवीधरांची कमाई प्राप्तिकराच्या नोंदींवरून काढतात आणि अभ्यासक्रमवार कर्जाच्या शेजारी मांडतात. आपल्याकडे प्राप्तिकराच्या नोंदींवरून कॉलेजवार कमाई कुणी मांडत नाही. तोवर कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला प्रश्न विचारण्याचं काम पालकांनाच करावं लागेल.

विचारायचं ते असं. आमच्या शाखेतून मागच्या वर्षी किती जण प्लेसमेंटला बसले आणि किती *जणांना* नोकरी लागली? ऑफर किती आल्या ते नको, कारण एका मुलाच्या तीन ऑफर तीनदा मोजल्या जातात. ऑफर लेटर मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष रुजू किती झाले? २०२२-२३च्या सुमाराला आयटी कंपन्यांनी ऑफर देऊन मुलांना महिनोन् महिने घरी बसवलं होतं, ते अजून विसरण्यासारखं नाही. बाँड आहे का, किती वर्षांचा, मोडला तर किती रक्कम? आणि पॅकेजमध्ये धरलेली इंटर्नशिप पगारी नोकरी आहे का? उत्तर देताना समोरचा माणूस फाईल उघडतो की कंपन्यांच्या लोगोंचा बोर्ड दाखवतो, यावरूनही बरंच कळतं.

घरी बसून करता येणारी पडताळणीही आहे. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव, शाखा आणि पाच वर्षांपूर्वीचं उत्तीर्ण वर्ष टाकून तीस-चाळीस माजी विद्यार्थी पाहा. ते आज कुठे आहेत, त्यांची पहिली नोकरी काय होती, मधे किती काळ रिकामा गेला. यशस्वी मुलं तिथे जास्त दिसतात हे ध्यानात ठेवा. तरीही पहिल्या पगारापेक्षा पाचव्या वर्षीची जागा कॉलेजबद्दल जास्त सांगते.

पॅकेज आणि हातातला पगार

मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत सर्वसाधारण फ्रेशरचं पॅकेज दशकभराहून जास्त काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतं आहे. या काळात फी आणि खोलीभाडी किती वाढली ते सांगायला नको. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिना ३० हजार, असं घरी सांगितलं जातं. त्यातून कंपनीचा पीएफचा वाटा, मुलाचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, व्यवसाय कर आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वगळा. खात्यात पडतात साधारण २४-२५ हजार. साडेचार लाखांच्या पॅकेजमध्ये ३१-३२ हजार. पुण्यात तिघांत एक खोली, डबा, बस आणि मोबाईल यांत यातले पंधरा हजार सहज जातात.

कर्ज १० लाखांचं, फेड २१ लाखांची

आता तेच १० लाख कर्जाने काढले असं धरू. बँक दरवर्षी अडीच लाख देते. व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. या काळात ते सरळ व्याज असतं. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन आणि दोन. बेरीज साडेतीन लाख. हप्ता सुरू होताना हे साडेतीन लाख मुद्दलात मिळवले जातात आणि कर्ज होतं साडेतेरा लाखांचं.

दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता येतो सुमारे १७,८४० रुपये. एकूण फेड २१ लाख ४१ हजारांच्या आसपास. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता साडेचौदा हजारांवर येतो, पण एकूण फेड २६ लाखांपुढे जाते. २५ हजार हातात येणाऱ्या मुलाने १७,८४०चा हप्ता भरल्यावर त्याच्याकडे सात हजार उरतात. अशा वेळी हप्ता बाप भरतो, निवृत्तीच्या तोंडावर. सहकर्जदार म्हणून त्याचीच सही असते आणि हप्ता चुकला तर सिबिल दोघांचंही बिघडतं.

शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेलात तर चित्र बरंच सुधारतं. पहिल्या वर्षी महिन्याला दोन हजारांपासून सुरुवात होते, चौथ्या वर्षी आठ हजारांपर्यंत जाते. मग हप्ता १३,२१५वर येतो आणि एकूण सुमारे दोन लाख वाचतात. असं व्याज भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरात सूटही देतात, अनेक बँकांत मुलींनाही अर्धा टक्का सूट असते. दोन्ही मागून घ्यायच्या, आपणहून कोणी देत नाही.

व्याजाचा भार कमी करणाऱ्या केंद्राच्या प्रमुख योजना दोन. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थांमधल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हप्तापूर्व काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. आपल्या उदाहरणात हेच ते साडेतीन लाख. दुसरी पीएम-विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेली. निवडक दर्जेदार संस्थांत, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळात तीन टक्के व्याजसवलत. ही सवलत वर्षाला देशभरात एक लाख नव्या विद्यार्थ्यांपुरतीच आहे आणि इतर सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना मिळत नाही. म्हणून महाडीबीटीची फी माफी मिळत असेल तर तिलाच धरून बसा, तिची रक्कम मोठी असते.

साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची हमी योजना आहे, त्यात तारण किंवा जामीनदार लागत नाही. तरीही शाखेत घराचे कागद मागितले गेले किंवा अर्ज नाकारला, तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे काहीच करता येत नाही.

एक प्रश्न मी प्रत्येक पालकाला बँकेत विचारायला सांगतो: "साहेब, तुमच्या यादीत हे कॉलेज कितव्या वर्गात आहे?" स्टेट बँकेची स्कॉलर लोन योजना निवडक संस्थांच्या वर्गवारीवर चालते. वरच्या वर्गातल्या संस्थेला तारणाशिवाय मोठी रक्कम मिळते, दरही कमी. इतर बँकांतही अशा याद्या असतात. फ्लेक्सवर काहीही लिहिता येतं. बँकेला मात्र स्वतःचे पैसे परत मिळवायचे असतात, त्यामुळे तिची यादी जपून केलेली असते. कॉलेज कुठल्याच यादीत नसेल आणि फक्त एखादी फायनान्स कंपनी चढ्या व्याजाने कर्ज द्यायला तयार असेल, तर कॉलेजबद्दलचं उत्तर तिथेच मिळालं.

सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट हातात घ्या. १ ऑक्टोबर २०२४पासून सर्व किरकोळ कर्जांना ते देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यातला वार्षिक टक्केवारी दर पाहा. प्रक्रिया शुल्क आणि कर्जाला जोडलेला विमा धरून खरा दर तिथे दिसतो. कलम ८०ई खाली व्याजावर करसवलत मिळते, हे एजंट आवर्जून सांगतात. ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि आठ वर्षांपुरती आहे. ज्या फ्रेशरला मुळात कर लागतच नाही त्याला तिचा उपयोग शून्य.

उलटा हिशेब

म्हणून सुरुवात शेवटाकडून करा. हप्ता हातातल्या पगाराच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. मधला पगार साडेचार लाख असेल तर हातात सुमारे साडेएकतीस हजार, म्हणजे साडेदहा हजारांचा हप्ता झेपेल. दहा वर्षांच्या मुदतीत त्यातून मूळ कर्ज बसतं सहा लाखांच्या जरा खाली. पगार ३ लाख ६० हजार असेल तर साडेचार लाखांच्या आसपास. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे मूळ कर्ज मधल्या वार्षिक पॅकेजच्या सव्वापटीत बसवायचं. आपल्या उदाहरणात फी माफी मिळालेल्या मुलीला ४ लाख ४० हजार लागतात, तिचं गणित साडेतीन लाखांच्या नोकरीतही जवळपास जमतं. त्याच कॉलेजात, त्याच बाकावर, मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्या मुलाचं कोसळतं. कॉलेज एकच आहे आणि शिक्षणही एकच.

यावरून पगाराचा आकडा काय सांगतो आणि काय नाही ते कळावं. तो कर्जाची मर्यादा सांगतो. कॉलेजचं मोल त्यावरून ठरवणं अन्यायाचं होईल. सीओईपी किंवा व्हीजेटीआयच्या मुलांना चांगले पगार मिळतात त्यात तिथल्या शिक्षकांचा वाटा आहे, तसाच सीईटीत वरच्या पर्सेंटाइलला असलेली मुलंच तिथे पोचतात याचाही आहे. गडचिरोलीत २०११मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजांत घरातली पहिली पदवीधर पिढी शिकते. तिथून शिक्षिका झालेल्या मुलीचा पगार पुण्याच्या मध्यकापुढे कमी दिसेल. तिच्या घराने कापलेलं अंतर मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. मराठी, इतिहास, समाजकार्य, नर्सिंग यांनाही हेच लागू. ज्याला मनापासून इतिहास शिकायचा आहे त्याने जरूर शिकावा, फक्त तो कमी फीच्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात शिकावा. कर्ज नसेल तर कमी पगाराची, आवडीची नोकरी धरण्याची मोकळीक राहते. मोठ्या हप्त्याने सर्वांत आधी जाते ती हीच.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या एमएससाठी चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढणारे काही विद्यार्थी कॉलेज स्कोअरकार्ड पाहून निर्णय घेतात. त्यात फक्त तिथल्या सरकारी आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची कमाई असते, भारतातून गेलेले त्यात मोजलेच जात नाहीत. तुमच्या मुलाला पदवीनंतर कामाची परवानगी मिळते एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांत आणखी दोन. पुढचं व्हिसावर अवलंबून. उलटा हिशेब करताना डॉलरमधला पगार धरू नका. परत यावं लागलं तर भारतात मिळेल तो पगार धरा आणि रुपया घसरला तर फी वाढेल हेही धरा.

कॉलेजने मंजूर फीपेक्षा जास्त घेतलं तर पावतीसह शुल्क नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. प्रवेश रद्द केल्यावर मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. बँकेविरुद्ध आधी बँकेतच लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, शुल्क लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. आणि नोकरी न लागता हप्ता सुरू होण्याची तारीख जवळ आली असेल तर ती उलटण्याआधी शाखेत जा. मुदत वाढवून किंवा हप्त्याची फेररचना करून मागायची ती खातं थकीत होण्यापूर्वी, अर्जाची पोच घेऊन.